भार आणि विश्रांति

संकटांनीं माणूस कणखर होतो, हें वाक्य आपल्या घरांतून इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं, तें पारखून पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. मीहि तें तीस वर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों. गेल्या वर्षीं माझ्या मातोश्री न्हाणीघरांत घसरल्या आणि त्यांच्या मांडीचें हाड मोडलें. त्या निमित्तानें हाडांविषयीं जें कांहीं वाचलें, त्यानें माझ्या उपदेशाचा पाया डळमळला.

हाड म्हणजे निर्जीव वासा नव्हे. तें अहोरात्र झिजत आणि बांधलें जात असतें. ज्या दिशेनें भार पडतो, तिला अनुसरून हाडाची अंतर्रचना बदलते, असें बर्लिनचे शस्त्रवैद्य ज्युलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं प्रतिपादन केलें. टेनिसपटूच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचें हाड दुसऱ्या हाताहून जाड असतें. उलट, अंतराळांत भारहीन राहणाऱ्या प्रवाशांचें खुब्याचें हाड दरमहा शेंकडा १ ते १.५ इतकें क्षीण होतें. येथपर्यंत कष्टाची थोरवी गाणारांचा पक्ष बळकट दिसतो.

पण साक्ष अजून अर्धीच झाली आहे. रुबिन आणि लॅन्यन या संशोधकांनीं १९८४ सालीं पक्ष्याच्या पंखांतील हाडावर प्रयोग केला. दिवसांतून ३६ वेळां दिलेला भार हाड वाढविण्यास पुरेसा ठरला. तोच १८०० वेळां दिला तरी अधिक लाभ झाला नाहीं. न हालतां एकसारख्या ठेवलेल्या भारानें तर हाड वाढलेंच नाहीं. परावटु ग्रंथीच्या स्रावाचीहि हीच कथा. तो रक्तांत अखंड वाढलेला राहिला तर हाड झिजवितो; त्याचाच अंश औषध म्हणून दिवसांतून एकदां सुईनें दिला तर हाड बांधतो. या औषधास अमेरिकेंत २००२ सालीं मान्यता मिळाली.

आतां कोणी म्हणेल, हाडाच्या धर्मावरून माणसाची नीति कशी ठरवावी? आक्षेप रास्त आहे. सृष्टींत जें घडतें तेंच योग्य, असें म्हणतां येत नाहीं. परंतु दुसऱ्याच्या माथ्यावर ओझें ठेवतांना जो सृष्टीस साक्षीला बोलावतो, त्यानें तिची साक्ष शेवटपर्यंत ऐकली पाहिजे. भार बळ देतो, पण मध्यें विसावा असेल तर. आणि विसावा घ्यावयाचा कीं नाहीं, हें बहुधा ओझें वाहणाराच्या हातीं नसतें. कष्टाचें गुणगान ही पुष्कळदां विसावा न देण्याची सबब असते.

मातोश्रींच्या अस्थिभंगास वय आणि ऋतुनिवृत्तीनंतर घटलेला अंतःस्राव हीं कारणें होत. तो दोष मी त्यांच्या कष्टांवर लादीत नाहीं. पण त्यांच्या पंचाहत्तरीस ‘कष्टांनीं पोलादी झालेली माउली’ असें भाषण मींच केलें होतें. पहांटे चारापासून रात्रीं भांडीं आवरेपर्यंत त्या केव्हां बसत, हा प्रश्न त्या दिवशीं मला सुचला नाहीं.

आतां त्यांना रोज सकाळीं त्या औषधाची सुई टोंचतात, आणि काठी घेऊन त्या ओटीवर थोड्या चालतात, मग बसतात. परवां मीं त्यांना हें सारें शास्त्र समजावून सांगितलें. त्या म्हणाल्या, “अरे, तेव्हां कुणी बस म्हटलं असतं, तर बसले असते मी.”

तें वाक्य मीं त्यानंतर वर्गांत उच्चारलेलें नाहीं.