काटकपणाचें मोल

मनुष्य आपल्या उपयोगी पडणाऱ्या प्राण्यांचे जे गुण वाखाणतो, त्यांत काटकपणाला मोठा मान आहे. परंतु हा गुण नेमका कोणाच्या सोयीचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

भीमथडीचें तट्टू घ्या. भीमा-नीरेच्या खोऱ्यांत निपजलेलें हें घोडें अंगानें लहान पण हाडानें कणखर; भरड चाऱ्यावर निभणारें, खडकाळ वाटेवर पाऊल न चुकणारें. मराठी फौजेच्या वेगांत त्याचा वाटा मोठा होता. लढाया सरल्या, फौजा मोडल्या. तरी ही जात उरली ती मुख्यतः धनगरांच्या वाड्यांतून. पावसाळा संपला कीं हे मेंढपाळ कळप घेऊन घाट उतरतात, तेव्हां बिऱ्हाड, भांडीं, नवीं कोकरें, प्रसंगीं तान्हें मूलही याच तट्टाच्या पाठीवर असतें.

'थोडें खातें आणि फार वाहतें' ही त्याची स्तुति. तींत हिशेब धन्याच्या नफ्याचा आहे, जनावराच्या सुखदुःखाचा नव्हे. कोणी म्हणेल, कष्टांनींच ही जात घडली. लाड केल्यास ती बिघडेल. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण डोंगराचा कठोरपणा आणि धन्याचा कठोरपणा एक नव्हेत. डोंगराला निवड नसते; धन्याला असते. जो निमूट सोसतो त्याच्यावर आणखी लादावें, हा निसर्गाचा नियम नसून आपली संवय आहे.

ही संवय जनावरांपुरती थांबत नाहीं. मुळशीच्या खोऱ्यांत तें दिसतें. मावळ्यांच्या चिवटपणाचे गोडवे आपण शतकानुशतकें गाइले. पण वीजनिर्मितीच्या धरणासाठीं त्यांच्या वंशजांचीं भातखाचरें बुडावयाची वेळ आली, तेव्हां त्या गोडव्यांचा उपयोग झाला नाहीं. १९२१ ते १९२४ पर्यंत सेनापति बापट प्रभृतींच्या पुढाकारानें सत्याग्रह झाला. तरी धरण व्हावयाचें तें झालेंच. काटक माणूस कोठेंही जगेल, ही समजूत इतरांना फार सोयीची असते!

२०२३-२४ मध्यें राष्ट्रीय पातळीवर भीमथडीला घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. हें योग्यच झालें. मात्र नोंदवहींत नांव लिहिल्यानें ऋण फिटत नाहीं. मेंढपाळाच्या वाटेवर चराऊ रान राखणें, थकल्या तट्टाला विसांवा आणि आजारी तट्टाला औषध मिळणें, यांसाठीं पदराला खार लावून घेण्याची तयारी हवी. ज्या स्तुतीसाठीं स्तुति करणाऱ्याला कांहींच द्यावें लागत नाहीं, ती स्तुति म्हणजे पाठीवर ठेवलेलें आणखी एक ओझें होय.