एका दिवसाची यात्रा

रेणापूरहून पंढरपूर सुमारे दोनशे किलोमीटर. पहाटे पिंपळफाट्यावरून निघालेली क्रूझर सकाळी चंद्रभागेच्या वाळवंटाशी पोचते, आणि एकादशीची गर्दी नसेल तर दर्शन घेऊन माणसे त्याच रात्री आपापल्या अंथरुणावर असतात. तुळजापूर, अंबाजोगाई, परळी तर याहून जवळ. सकाळी निघावे, दिवेलागणीला घरी यावे. मराठवाड्यातल्या पुष्कळ कुटुंबांची यात्रा आता अशी एका दिवसावर आली आहे. तिच्यावर दोन बाजूंनी टीका होते. जुनी जाणती माणसे म्हणतात की ही यात्रा नव्हे, देवाच्या नावावर केलेली सहल आहे. पाय दुखले नाहीत, मुक्काम पडला नाही, मग यात्रा घडली कुठे? ज्यांची श्रद्धा नाही ते विचारतात की दिवसभर गाडीत अंग आंबवून, रांगेत उभे राहून, क्षणभर मूर्ती पाहून मिळते तरी काय? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. मला वाटते, एका दिवसाची यात्रा जरूर करावी. मात्र ती एका दिवसाचीच राहू द्यावी. मोठ्या यात्रेचे सगळे पुण्य एका दिवसात बसवायला गेलो की ती बिघडते.

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे मोठे प्रकरण आहे. यज्ञाला द्रव्य लागते, माणसे लागतात, ते राजांचे आणि धनवानांचे काम. गरिबालाही यज्ञाच्या तोडीचे फळ मिळावे म्हणून तीर्थयात्रा आहे, असा विचार तेथे स्पष्ट मांडला आहे. तीर्थाचे फळ कोणाला मिळते, तर ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत, जो मिळेल त्यात समाधानी आहे, ज्याला अहंकार नाही, त्याला. दिवसांचा हिशेब या पात्रतेत येत नाही. काही तीर्थांवर तीन रात्री राहावे असे त्याच प्रकरणात सांगितले आहे हे खरे. पण काही ठिकाणी एका रात्रीचा वासही पुरेसा मानला आहे. वाहनाबद्दलचा आक्षेपही आजचा नाही. मत्स्यपुराणातल्या प्रयागमाहात्म्यात वाहनाने जाणाऱ्याची यात्रा निष्फळ ठरवली आहे. मात्र तेथे ज्याला दोष दिला आहे तो ऐश्वर्याच्या तोऱ्यात, लोभाने किंवा मोहाने वाहनात बसणारा माणूस आहे. श्रीमंती मिरवत देवाकडे जाऊ नये, हा त्याचा मथितार्थ. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेची अशी वचने एकत्र केली आहेत. ती वाचताना जाणवते की अशी वचने संकलित करणारे जुने निबंधकार यात्रा कडक करायला जितके उत्सुक आहेत, तितकेच अशक्त, वृद्ध आणि निर्धन माणसासाठी वाट मोकळी ठेवायलाही आहेत.

शास्त्र बाजूला ठेवले तरी इतिहास आहे, आणि तो आपल्याच भागातला आहे. बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटर रुंदीची चिमुकली गाडी १८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि १९११ मध्ये लातूरला. जी वाट चालायला आठवडा लागायचा ती एका दिवसाच्या आवाक्यात आली. आगगाडीने पंढरी भ्रष्ट होईल, पायी वारी संपेल, अशी भीती त्या काळी कोणाला वाटली असेल तर ती अगदी स्वाभाविक होती. पण शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव उलट आहे. पायी वारी संपली नाही, वाढली. शेगावहून गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई, कळंब, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर करत आजही महिनाभर चालून पंढरपूरला जाते, आणि रेणापूरच्या शेजारच्या तालुक्यातून जाताना तिच्या दर्शनाला आजूबाजूची गावे लोटतात. गाडीने जाणारा आणि पायी जाणारा हे एकमेकांचे वैरी ठरले नाहीत. ज्याला चालणे शक्य नव्हते, ज्याची पंढरी एरवी आयुष्यभर राहूनच गेली असती, त्याला गाडीने तेथे नेले. छोट्या यात्रेमुळे मोठी यात्रा मरते, या म्हणण्याला निदान या वाटेवर तरी आधार सापडत नाही.

आता वेळ कोणाकडे आहे, हा प्रश्न विचारू, कारण या वादाचे खरे मर्म तेथे आहे. आषाढी येते ती मृगाच्या पेरण्यांच्या पाठोपाठ. पाऊस वेळेवर आला तर सोयाबीन पेरून वारीला निघता येते. लांबला तर पालखी पुढे जाते आणि शेतकरी आभाळाकडे बघत तिफण धरून थांबतो. कार्तिकी येते तेव्हा सोयाबीनची रास आणि हरभऱ्याची पेरणी एकमेकांना रेटत असतात. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन कारखान्यांवर जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कार्तिकी आणि माघी या दोन्ही वाऱ्या त्यांच्या फडातच जातात. ज्या घरात दुभते जनावर आहे, अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे, शाळेत जाणारी पोरे आहेत, त्या घरची बाई तीन आठवडे घराबाहेर राहू शकत नाही. अशा बाईला एका दिवसाची यात्रा खरी नव्हे असे सांगणे म्हणजे तुला यात्राच नाही असे सांगणे. जो धर्म यज्ञापासून दूर राहिलेल्या गरिबासाठी तीर्थाची वाट काढतो, त्याच धर्माच्या नावाने ही वाट पुन्हा अडवणे मला मान्य नाही. शिवाय त्या एका दिवसाची किंमतही पाहिली पाहिजे. रोजंदारीवरच्या माणसाचा एक दिवस म्हणजे एक मजुरी आणि गाडीभाडे. निवृत्त माणसाच्या वीस दिवसांपेक्षा देवाला दिलेला हा एक दिवस हलका आहे, असे कोणत्या काट्यावर तोलून म्हणायचे?

दर्शन ही गोष्ट मुळात छोटीच आहे, हेही आपण विसरतो. आळंदीहून अडीचशे किलोमीटर चालत आलेला वारकरी पंढरपुरात रांगेला लागतो. आषाढीला ती रांग गोपाळपूरकडे कुठवर जाते ते सर्वांना ठाऊक आहे. तासन्‌तास थांबून तो गाभाऱ्यात पोचतो, विटेवरच्या पायांवर डोके टेकतो, आणि मागचा माणूस पुढे येतो. एवढा वेळ आपल्याला जमणार नाही असे ज्याला कळते तो मुखदर्शन घेतो; तेही जमले नाही तर महाद्वारात नामदेव पायरीला हात लावून, कळसाला हात जोडून मागे फिरतो. कळस पाहिला, वारी पोचली, असे वारकरी समाधानाने म्हणतात. या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. चोखामेळ्याला जन्मभर देवळाबाहेर उभे राहावे लागले, आणि साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले तेव्हा कुठे त्याच्या समाजाला मंदिराचे दार उघडले. आत जाऊन किती वेळ दर्शन झाले, यावर भक्ती मोजायची असेल तर चोखोबांचे खाते कोरे राहील. आणि तसे म्हणायला एकही वारकरी धजणार नाही. दुसऱ्या धर्मातही हीच समजूत दिसते. हजच्या विधींना पाच-सहा दिवस लागतात, पण जिलहज महिन्याच्या ९ तारखेला अरफातच्या मैदानात हजर असणे हा त्यांचा कणा. ते चुकले तर हज होत नाही, आणि तिथली थोड्या वेळाची हजेरीही ग्राह्य धरतात. दीर्घ प्रवासाच्या टोकाला असा एक लहानसा क्षण असतो, आणि तो गाठण्यासाठी बाकीचा प्रवास असतो.

मग लांब वाटेला काही अर्थच नाही का? आहे, आणि तो नाकारून छोट्या यात्रेची बाजू घेणे खोटेपणाचे होईल. महिनाभर चालणाऱ्याच्या अंगात जे मुरते ते एका दिवसात मुरत नाही. रोज पहाटे उठून चालणे, फोड आलेल्या पायांनी पुन्हा चालणे, अनोळखी गावात कोणाच्या तरी पडवीत झोपणे, पंगतीला कोण शेजारी आहे हे न विचारता जेवणे, यांतून माणसाचा ताठा हळूहळू उतरतो. त्याला वेळच लागतो. म्हणूनच काही परंपरांनी किमान मर्यादा घातली आहे: स्पेनमधल्या सांतियागो यात्रेत प्रमाणपत्र हवे असेल तर पायी जाणाऱ्याला निदान १०० किलोमीटर चालावेच लागते. आपल्याकडे आळंदी ते पुणे किंवा पुणे ते सासवड एवढाच एक टप्पा चालणारी हजारो माणसे दरवर्षी दिसतात, आणि त्यांनाही दिवे घाटात पाय काय असतात ते कळते. पण त्यांनी स्वतःला पूर्ण वारी केलेल्याच्या पंक्तीला बसवू नये. छोटी यात्रा ही मोठ्या यात्रेचा पर्याय नाही. तिचे काम वेगळे आहे, आणि ते ओळखले तरच तिचे मोल राहते.

ते न ओळखल्याने काय होते, याचे उदाहरण सगळीकडे दिसते. साडेतीन शक्तिपीठांचे दर्शन तीन दिवसांत, अशा सहली निघतात. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर आणि वणी या चार ठिकाणांमधले अंतर हजार किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे जागेपणाचा बहुतेक वेळ गाडीत जातो. देवळात पोचायच्या आधीच पुढच्या देवळाची वेळ डोक्यात असते, ओटी भरताना बाहेर हॉर्न वाजत असतो. रेणुकेच्या नावाने वसलेल्या रेणापुरातून माहूरला जाणाऱ्या बाईचे तर ते माहेर-सासरच्या कुळाचे मूळ ठाणे असू शकते. तिला त्या गडावर बसायला तासभर मिळू नये, हा तिच्यावर अन्याय आहे. येथे दोष वेळ कमी असण्याचा नाही. असलेल्या वेळात जास्तीत जास्त देव गोळा करण्याची जी घाई आहे, तिचा आहे. वनपर्वाने समाधान ही तीर्थफळाची अट सांगितली, आणि अशी सहल नेमके समाधानच शिल्लक ठेवत नाही. नागपूर ते गोवा या सुमारे ८०० किलोमीटरच्या नियोजित शक्तिपीठ महामार्गाबद्दलही हा विचार व्हायला हवा. त्याच्यासाठी जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांचा विरोध हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. पण भक्तांच्या सोयीचे जे कारण पुढे केले जाते त्याबद्दल एवढे नक्की म्हणता येते की, दोन देवळांमधले तास कमी झाल्याने एका देवळापुढचा तास आपोआप वाढत नाही. वाचलेल्या वेळात तिसरे देऊळ घुसवले जाते.

म्हणून एका दिवसाच्या यात्रेची मर्यादा मी अशी मानतो. एक दिवस, एक देव. निघण्यापूर्वी आंघोळ, उपवास, घरून नेलेली भाकरी, जो काही घरचा नेम असेल तो पाळावा. देवळात दर्शन झाल्यावर लगेच गाडीकडे न धावता सभामंडपात, ओवरीत किंवा नदीकाठी बसावे, भजन चालू असेल तर त्यात टाळी द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा जावे. वारीचे बळ तिच्या लांबीइतकेच तिच्या पुन्हा पुन्हा होण्यात आहे. एकदाच केलेली मोठी यात्रा आठवणीत राहते. दरवर्षी ठरल्या तिथीला केलेली छोटी यात्रा वागण्यात उतरते, कारण पुढची तिथी येईपर्यंत माणूस स्वतःला जाब विचारत राहतो.

यावर शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप सावता माळ्याच्या नावाने घेतला जातो. अरणच्या मळ्यातच ज्याला विठ्ठल भेटला, तो पंढरीला गेला नाही अशी परंपरा आहे. उलट पांडुरंगाची पालखीच त्याच्या भेटीला अरणला येते. मग घरीच राहिलेले काय वाईट? मला वाटते, सावतोबांचे उदाहरण आपल्याला सोपे वाटते, ती आपली चूक आहे. खुरपणी करताना ज्याचे चित्त ढळत नाही, त्याला कुठे जायची गरज नाही, हे अगदी मान्य. पण घर हीच जागा आपल्या बाकीच्यांना सर्वांत जास्त गुंतवते. तेथे आपण मालक असतो, सासू असतो, थोरला भाऊ असतो, सावकाराचे देणेकरी असतो. देवळाच्या रांगेत दिवसभर यांतले काहीच चालत नाही. पुढे जमीनदार आणि मागे त्याचा सालगडी उभा असला तरी दोघांनाही तेवढेच थांबावे लागते. पैसे भरून रांग चुकवण्याची सोय जेथे जेथे होते, तेथे छोट्या यात्रेचे हे एवढेसे देणेही हिरावून घेतले जाते, म्हणून त्या सोयीला विरोध केला पाहिजे.

ज्याला तीन आठवडे आहेत आणि पायांत बळ आहे, त्याने चालावे. त्याला एका दिवसाची यात्रा ही पळवाट ठरेल. ज्याच्याकडे एकच दिवस आहे, त्याने तो अपराधी मनाने देऊ नये. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांनी आणि गाड्या ठरवणाऱ्या तरुणांनी एवढे करावे की यादीतली पाच नावे खोडून एक ठेवावे, आणि ज्या बाया, जे मजूर आजवर कधीच निघू शकले नाहीत त्यांच्यासाठी त्या गाडीत आधी जागा धरावी.