रिकामी गादी आणि तळ्याचं पाणी

डोळे मिटू नका. सावकाश वाचा, आणि मध्ये थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबा.

साल १९३५. तिबेटमधलं ल्हामो लात्सो नावाचं तळं. तिबेटचे धर्मगुरू आणि राज्यकर्ते, तेरावे दलाई लामा, १९३३च्या डिसेंबरात गेले. त्यांच्यामागे राज्य सांभाळणारे कारभारी, रेटिंग रिन्पोचे, काठावर बसून पाण्याकडे बघताहेत. पाण्यात त्यांना तीन अक्षरं दिसली, असं सांगतात : अ, क, म. तिबेटी लिपीही आपल्या नागरीसारखी ब्राह्मीच्याच कुळातली, त्यामुळे ही अक्षरं आपल्याला परकी नाहीत. एकेक मनात म्हणून बघा. अ म्हणजे आम्दो प्रांत, क म्हणजे कुंबुम मठ, अशी उकल पुढे झाली. माझं मन मात्र त्या उकलीपाशी रमत नाही. गादी रिकामी आहे, वारस ठाऊक नाही, आणि राज्याचा कारभारी पाणी निरखत बसलाय. तिथेच जरा बसू.

तेराव्यांचा नवा अवतार शोधायला माणसं निघाली. आता आम्दोतल्या ताक्त्सेर गावातलं एक शेतकऱ्याचं घर. जेमतेम दोन वर्षं उलटलेलं पोर. त्याच्यापुढे जोडीजोडीनं वस्तू मांडल्यात, त्यातली एक तेराव्यांची आणि दुसरी नुसती तशी दिसणारी. माळ, डमरू, काठी. पोरानं आधी चुकीच्या काठीला हात लावला. मग ती सोडली आणि दुसरी धरली. एक काठी सुटली आहे आणि दुसरी अजून हातात आलेली नाही, एवढा वेळ श्वास आपोआप थांबतो की नाही, बघा.

वारस सापडला तरी तो मूलच. तो मोठा होईतो राज्य कारभाऱ्यांचं. नववे ते बारावे, चारही दलाई लामा वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत गेले. एकोणिसावं शतक बरंचसं कारभाऱ्यांच्याच हाती गेलं. विषाची कुजबुज आहे, ती इथे नको. त्याहून विलक्षण गोष्ट पाचव्यांची. ते १६८२मध्ये वारले, आणि ते ध्यानाला बसलेत असं सांगून सुमारे पंधरा वर्षं मृत्यू लपवला गेला. पोताला राजवाड्यातलं ते बंद दार डोळ्यांपुढे आणा. दाराबाहेरून नमस्कार करून परतणाऱ्यांची श्रद्धा खोटी होती का? मला तसं म्हणवत नाही.

ताक्त्सेरच्या त्याच पोरानं, म्हणजे चौदाव्यांनी, २०११मध्ये राजकीय सत्ता निवडून आलेल्या नेत्याकडे सोपवली. गादीवरच्याच माणसानं गादीचं राज्य सोडावं, हे मला तळ्यातल्या अक्षरांहून मोठं वाटतं. उरली धर्माची गादी. पुढचा अवतार आपला न्यास ठरवील, असं त्यांनी जुलै २०२५मध्ये पुन्हा सांगितलं. आमच्या मंजुरीशिवाय नाही, असं चीनचं सरकार म्हणतं.

शेवटी एक फोटो डोळ्यांपुढे आणा. लाल गाल, गंभीर नजर. चौदाव्यांनी मे १९९५मध्ये पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचे धर्मगुरू, म्हणून जाहीर केलेला सहा वर्षांचा मुलगा. काही दिवसांतच चीननं त्याला कुटुंबासह ताब्यात घेतलं. त्यानंतर तो लोकांसमोर आलेला नाही.