वर्णाचा रकाना

अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला. बरोबर एक घोडा होता, तो विकून चार पैसे करावेत एवढाच बेत. हिंदुस्थानच्या मातीवर त्याची पहिली ओळख चौलशी झाली. त्याच्या टिपणांत मसाले नंतर येतात, राजे त्याहून नंतर. आधी येतं ते कातडं. इथले बायका-पुरुष सगळे काळे, अंगावर कपडा जेमतेम, आणि आपण जाऊ तिथे गोरा माणूस बघायला लोक मागे लागतात, असं तो लिहून ठेवतो. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. मी पाहुण्यांना ते आवर्जून दाखवतो आणि ही गोष्टही सांगतो. त्याच्या टिपणांवरून तरी त्या दिवशी चौलात गोरेपणा ही बघायची गंमत होती. त्याला भाव आला असल्याचं त्यात कुठे दिसत नाही.

आम्हा चौलकरांना एक अभिमान आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. अरब प्रवासी अल-मसूदी ९१६ साली इथे आला. त्या वेळी गावाचं नाव सैमूर. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले दहा हजारांच्या आसपास मुसलमान इथे राहतात, असं तो सांगतो. त्यातल्या इथेच जन्मलेल्या पिढीला ‘बयासिरा’ हे वेगळं नाव पडलेलं होतं. पुढे पोर्तुगीज आले. खाली मुरूडला सिद्दींनी जंजिऱ्यावर राज्य केलं, ते थेट १९४८पर्यंत. आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज इथे नवाब होते, तेव्हा आमच्याकडे कसला वंशभेद, असं सभासमारंभांतून ऐकायला मिळतं. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा पेशवा झाला, हेही जोडीला असतंच. हे सगळं खरं आहे. पण त्याच मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र जहांगीर बादशहाने काढून घेतलं, तेही खरं. आणि माझी आजी, जिने सिद्दी नवाबाचा अंमल डोळ्यांनी पाहिला होता, ती उन्हातून खेळून आलेल्या आम्हा पोरांना म्हणायची, ‘आरशात बघ जरा, हबशी झालास नुसता.’ गादीवर हबशी चालत होता. घरात त्याची शिवी झाली होती.

या किनाऱ्यावर गोऱ्या-काळ्याचा सगळ्यांत बोलका हिशेब मात्र सिद्दींनी लिहिलेला नाही. तो बेने इस्राएलांच्या घरात लिहिला गेला.

अलिबागजवळच्या नवगावला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि किनाऱ्यावरच्या गावांत पसरली, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद; म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. चेऊलकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावं म्हणजे रायगड जिल्ह्याचा नकाशाच. जगभर ज्यूंचा छळ झाला आणि कोकणात कुणी त्यांच्या केसालाही धक्का लावला नाही, हे तेही म्हणतात, आम्हीही म्हणतो. मीसुद्धा हे अनेकदा लिहिलं आहे. अलीकडे त्यात मला एक खोच दिसते. त्यांना इथे जागा मिळाली ती एक जात म्हणून. घाणा हा धंदा, शनिवार ही खूण, सोयरीक आपसात. गावाच्या उतरंडीत एक मडकं वाढलं. रोटी-बेटीची रेघ ओलांडायचा प्रश्नच आला नाही, म्हणून भांडणही झालं नाही. याला शांतता म्हणायला माझी हरकत नाही. फक्त तिची किंमत कुठे चुकती झाली, ते पाहिलं पाहिजे.

ती चुकती झाली त्यांच्या अंगणात. बेने इस्राएलांत दोन तट होते: गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७च्या सुमारास आपल्या समाजाचा इतिहास लिहिला (तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला), त्यात हा भेद नोंदलेला आहे. काळे म्हणजे बेने इस्राएल पुरुष आणि इतर जातींतल्या बायका यांची संतती, असं मानलं जाई. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगत नाही, देवळातही मान शेवटचा. नावं रंगाची, पण भेद रंगाचा नव्हे. गोऱ्यांतला एखादा कातळासारखा काळा असे, काळ्यांतली एखादी केतकीसारखी. रंग हा शब्द उसना घेतलेला. खाली हिशेब होता कुणाची आई कोण, याचा. आपल्याला हे चमत्कारिक वाटायचं कारण नाही. ‘वर्ण’ या शब्दाचे दोन अर्थ आपण शाळेपासून एकाच तोंडाने बोलत आलो आहोत.

असाच हिशेब अमेरिकेतही होता. न्यू ऑर्लिन्समध्ये १८९२ साली होमर प्लेसी नावाचा माणूस रेल्वेत गोऱ्यांच्या राखीव डब्यात बसला. सात-अष्टमांश गोरा. बघणाऱ्याला कळलंही नसतं. कायद्याला आव्हान द्यायचं म्हणून मुद्दाम बसला होता, तेव्हा अटक होण्यासाठी त्याचं कृष्णवर्णीयत्व आधी जाहीर व्हावं लागलं. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला आणि ‘वेगळे पण समान’ या सोंगाला पुढची पन्नासेक वर्षं कायद्याचं बळ मिळालं. प्लेसीचा उरलेला अष्टमांश आणि काळ्या इस्राएलाची पणजी, दोन्ही एकाच वहीत मांडलेले. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या दास्यविमोचकांना अर्पण केली, तेव्हा ही वही त्यांनी ओळखली होती.

मुंबईत गेल्यावर गोऱ्या इस्राएलांना वरची पायरी भेटली. बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू स्वतःला युरोपियनांच्या जवळचे समजत. १८३६ साली त्यांनी सरकारकडे अर्ज केला, की ज्यूंच्या दफनभूमीत मधे भिंत घालून द्या; बेने इस्राएलांच्या शेजारी आमची माणसं नकोत. बगदादींच्या लेखी बेने इस्राएल काळे. बेने इस्राएलांच्या लेखी त्यांच्यातलेच काही काळे. बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. वरच्याचा राग येतो, पण खाली कुणीतरी आहे म्हणून उतरंड मोडवत नाही.

मग इस्राएल झालं. स्वातंत्र्याच्या वेळी विसेक हजारांच्या घरात असलेला हा समाज हळूहळू तिकडे गेला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच काहींनी रंगावरून वाईट वागणूक मिळते म्हणून तिथे धरणं धरलं आणि परत पाठवा असा हट्ट धरला. काही कुटुंबं खरंच परत आली. खरा घाव बसला १९६२ साली. तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढलं: बेने इस्राएल मुलीचं किंवा मुलाचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांची आई, आजी, पणजी, जमेल तितक्या मागे जाऊन तपासा, कुणी परक्या रक्ताची तर नाही ना. इथे शंभर वर्षं गोऱ्यांनी काळ्यांना जो प्रश्न विचारला, तोच आता सरसकट सगळ्यांना विचारला गेला. आई कोण? दोन वर्षं आंदोलन चाललं. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव करून बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचं म्हटलं. त्यानंतर धर्मपीठाने फर्मानातून समाजाचं नाव काढलं, तपासणीची तरतूद मात्र मोघम शब्दांत ठेवली.

हा इतिहास वाचताना मला नेहमी प्रश्न पडे: त्या फर्मानानंतर गोऱ्यांना काळ्यांची आठवण झाली असेल का?

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात तो विचारायची संधी आली. रेवदंड्याच्या बेथ एल सिनेगॉगबाहेर (१८४२चं आहे ते) एक वयस्क गृहस्थ नातीला घेऊन उभे होते. अश्दोदहून आलेले. पांढरा सदरा, पायात सँडल, बोलणं अस्सल अष्टागरी. मला म्हणाले, ‘चाय कुठे गोड भेटते आता?’ चौलनाक्यावर बसलो. नारळाच्या वाड्या, सुपारी, कुणाच्या घाण्याचा दगड कुणाच्या परसात पडलाय, अशा गप्पा निघाल्या. मलिद्याला पोहे इथलेच लागतात, तिकडच्या पोह्यांना चव नाही, म्हणाले. मी धीर करून गोऱ्या-काळ्याचं विचारलं.

‘छे, छे. तसलं काय नव्हतं आमच्यात. ते पुस्तकांतून लिवतात.’

चहा संपत आला. पलीकडच्या आळीकडे बोट करून नातीला दाखवत होते: इथे अमक्यांचं घर, इथे विहीर. एका पडक्या जोत्याशी बोट थांबलं. ‘त्यांच्याकडे आपण जेवत नसू,’ म्हणाले, मराठीतच. नातीला तेवढं मराठी येत होतं. तिने का म्हणून विचारलं. आजोबांनी उरलेला चहा बशीत ओतून प्यायला आणि पैसे द्यायला उठले. नात मला इंग्रजीत म्हणाली, तिचा नवरा मोरोक्कन घराण्यातला आहे, लग्नाला कुणीच काही बोललं नाही.

त्या आजोबांना खोटारडे ठरवण्याचा माझा इरादा नाही. त्यांच्या आयुष्यात तो भेद खरोखर मेला असेल. पण कसा मेला, हे महत्त्वाचं. कुणी उभं राहून चूक झाली म्हटलं नाही. जमीन सुटली, आळी सुटली, ज्यांना खालचं म्हणायचं तेही शेजारी राहिले नाहीत, आणि नव्या देशात सगळ्यांवर एकच शिक्का बसला. भेदाला उभं राहायला जागा उरली नाही. पिढी बदलली की मनं बदलतात असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा घडलेलं असतं ते एवढंच. नातीच्या पिढीला हा भेद शिकवला गेला नाही, आणि तो मोडल्याचंही कुणी सांगितलं नाही. म्हणून तोच प्रश्न दुसऱ्या कपड्यांत समोर आला तर ती ओळखेल का, याची मला शंका आहे.

अमेरिकेचे आकडे मोठे दिलासा देणारे आहेत. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांचं लग्न मान्य आहे का, असं गॅलपने १९५८ साली विचारलं तेव्हा १०० पैकी ४ जण हो म्हणाले होते. २०२१ साली ९४. मधे १९६७ साली लव्हिंग दांपत्याच्या खटल्यात अशा लग्नांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली. हा फरक खोटा म्हणणारा माणूस मूर्ख. कायदा आधी आला, बहुमत पुष्कळ मागून आलं, हेही लक्षात घेण्याजोगं आहे. लोकांची मनं तयार होईपर्यंत थांबा, असा सल्ला देणाऱ्यांनी तर विशेष. तरी मान्यता विचारणाऱ्या प्रश्नाला हो म्हणायला काही पडत नाही. आमच्या चौलात उद्या कुणी पाहणी केली, की गोऱ्या मुलीने सावळ्या मुलाशी लग्न करावं का, तर ९४ काय, शंभरच्या शंभर हो म्हणतील. वर विचारणाऱ्यालाच रागे भरतील.

भेद मिटण्याची उलटी बाजू कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लईत दिसते. १७४०च्या तहाने पोर्तुगीज चौल मराठ्यांना देऊन निघून गेले, गरीब ख्रिस्ती कुटुंबं मागे राहिली. धर्माने आणि जातीने एकटी पडलेली ही वस्ती आजही पोर्तुगीज-मराठी मिसळलेली आपली ‘नोलिंग’ बोलते. भिंत होती म्हणून बोली टिकली. साळावचा पूल झाला, मुलं मराठी शाळांत गेली, आता बोली विरळ होते आहे. अभ्यासक हळहळतात. तिथल्या एका बाईने मला विचारलं होतं, ‘बोली राखायला आम्ही पुन्हा वेगळं पडायचं का?’ मला उत्तर देता आलं नाही.

माझ्या पुतणीच्या लग्नाचं या पावसाळ्याआधी निघालं. बायोडेटा करायला आम्ही रेवदंड्याच्या बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. संगणकावर साचा तयारच असतो. वर गणपती, मग नाव, जन्मतारीख, उंची, त्याखाली वर्ण, त्याखाली रक्तगट. पुतणी रोज पनवेलला नोकरीला जाते, स्वतःचं स्वतः कमावते. रंगाने आमच्या घराण्यावर गेली आहे, म्हणजे सावळी. तिने पडद्यावर बोट ठेवलं.

‘काका, हा रकाना काढायला सांगा.’

मला आनंद झाला. मी त्या मुलाला सांगितलं. वय विशी-बाविशीचं, पुतणीहून लहानच. त्याने मान वर न करता माऊस फिरवला, ओळ उडाली. मग थांबला.

‘ताई, काढतो मी. पण वर्ण लिहिला नसला ना, तर लोक सावळीच समजतात. गेल्या महिन्यात दोघीजणी परत आल्या होत्या, टाकून घ्यायला.’

पुतणीने माझ्याकडे बघितलं. मागे दोन गिऱ्हाईकं आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी उभी होती. मीच म्हणालो, ‘निमगोरा लिही.’