युधिष्ठिराला न पटलेला शेवट

१५ ऑगस्ट २०२१, रविवार. झी मराठीवर ‘देवमाणूस’चा शेवटचा भाग संपला. आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत वर्धा जिल्ह्यातल्या ज्या घरांत रात्री साडेदहाला जेवणं आटोपून ही मालिका लागायची, तिथे त्या रात्री काय बोललं गेलं असेल याचा अंदाज बांधणं कठीण नाही. ‘काहून बा, एवढे मुडदे पाडून बी याले काहीच नाही?’ ‘हा का शेवट झाला का?’ प्रेक्षकांना हवी होती तशी फाशी पडद्यावर आलीच नाही. राज्यभर नाराजीचा सूर उमटला आणि डिसेंबरात त्याच खलनायकाला घेऊन मालिकेचं दुसरं पर्व हजर झालं.

मालिका सुरू झाली ३१ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन कोरोनाच्या काळात. गावात डॉक्टर म्हणून राहणारा, अडल्यानडल्याला धावून जाणारा, सगळ्यांच्या तोंडी ‘देवमाणूस’ झालेला एक जण एकेका माणसाचा काटा काढत जातो, ही तिची गोष्ट. २०१६ साली सातारा जिल्ह्यातल्या वाईजवळ उघडकीला आलेल्या खूनसत्राची छाया तिच्यावर असल्याचं पहिल्यापासून बोललं गेलं. किरण गायकवाड या नटानं डॉक्टर असा उभा केला, की लोक त्याचा तिरस्कारही करायचे आणि वाटही पाहायचे. त्या रागातली गोम इथेच आहे. पोलिसांनी डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात धरलं असतं, तर मालिका तिथेच आटोपली असती. तो रोज थोडक्यात निसटावा म्हणून प्रेक्षकच जवळजवळ वर्षभर टीव्हीपुढे बसले होते. शेवटच्या दिवशी मात्र त्यांना सगळा हिशेब एकदम चुकता करून हवा होता.

पण हा हिशेब मागायचा कोणाकडे? लेखकाकडे, वाहिनीकडे, की देवाकडे?

आपल्याकडे पापाचा घडा भरतो असं म्हणतात. या म्हणण्यात एक सोय आहे. घडा केव्हा भरेल, हे त्यात सांगितलेलं नसतं. कर्मसिद्धांतात संचित आणि प्रारब्ध असे भेद आहेत. केलेलं सगळं साठतं आणि त्यातला फळाला आलेला वाटा या जन्मी भोगायला मिळतो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाकाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. या सिद्धांताचा पसारा अनेक जन्मांचा आहे आणि मालिकेच्या हातात मोजकेच भाग असतात. पाप्यानं केव्हा ना केव्हा भोगलेलं असेल, एवढ्यावर प्रेक्षकाचं समाधान होत नाही. त्याला ते भोगणं डोळ्यांदेखत हवं असतं, आणि तेही जाहिरातींच्या आधी.

शेवट पाहून संतापलेला आपल्या परंपरेतला पहिला प्रेक्षक शोधायचा, तर तो महाभारताच्या अखेरच्या पर्वात सापडतो. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर सदेह स्वर्गात पोचतो आणि पाहतो तर समोर दुर्योधन आसनावर तेजाने झळकत बसलेला. भाऊ नाहीत, द्रौपदी नाही, कर्ण नाही. ज्याच्यापायी अठरा अक्षौहिणी सैन्य मातीत गेलं, तोच सुखात. धर्मराज तोंड फिरवतो आणि या माणसाबरोबर आपल्याला इथे राहायचं नाही, असं साफ सांगतो. स्वर्गात वैर उरत नाही, दुर्योधनानं क्षत्रियाचा धर्म पाळला आहे, असं नारद समजावतात. युधिष्ठिराला ते पटत नाही. आपली माणसं कुठे आहेत ते दाखवा, म्हणून तो हट्ट धरतो. देवदूत त्याला दुर्गंधीच्या, अंधाराच्या वाटेनं नेतो. तिथे ओळखीचे आवाज कण्हताना ऐकू येतात आणि हा स्वर्ग नाकारून तो तिथेच थांबतो.

मग खुलासा होतो. ज्याचं पाप जास्त, तो थोडं पुण्य आधी भोगून संपवतो. ज्याचं पुण्य जास्त, तो नरक आधी उरकतो. खुद्द युधिष्ठिरालाही अश्वत्थाम्याच्या मृत्यूची अर्धवट बातमी देऊन द्रोणांना फसवल्याबद्दल नरकाचं दर्शन घडलं. हिशेब असा जुळतो खरा, पण जुळण्याआधी व्यासांनी धर्मराजाला चिडू दिलं आहे. त्याचा राग कोणी पाप ठरवलेला नाही. गंमत म्हणजे १९८८ ते १९९० या काळात दर रविवारी रस्ते ओस पाडणारं बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ भीष्मांच्या देहत्यागापाशीच थांबलं. स्वर्गात बसलेला दुर्योधन दूरदर्शनच्या प्रेक्षकाला पाहावा लागला नाही.

वर्धा जिल्ह्यात शिक्षेचा हा प्रश्न नुसता मालिकेचा किंवा पुराणाचा राहत नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं गेलं. १० फेब्रुवारीला नागपुरात तिचा मृत्यू झाला. तिच्या गावात लोकांचा संताप रस्त्यावर आला. दोनच महिन्यांपूर्वी, ६ डिसेंबर २०१९ रोजी, हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी चकमकीत ठार केलं होतं. तसाच निकाल इथेही लावा, ही मागणी उघडपणे होऊ लागली. खटला मात्र रीतसर चालला. उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते. १० फेब्रुवारी २०२२ रोजी, तिच्या मृत्यूला दोन वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, हिंगणघाटच्या न्यायालयानं आरोपीला जन्मठेप सुनावली. फाशी हवी होती, असं अनेकांना वाटलं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. ‘देवमाणूस’चा शेवट पाहून चिडलेल्या माणसाला आणि निकाल ऐकून हळहळलेल्या माणसाला एकाच तराजूत घालता येणार नाही. एकानं गोष्ट पाहिली होती, दुसऱ्यानं अंत्ययात्रा. तरीही शिक्षा झाली हे आपल्याला दिसलं पाहिजे, असं दोघांनाही वाटत होतं.

हिंगणघाटहून वर्ध्याकडे निघालं की पुढे सेवाग्राम लागतं. १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम इथे होता, आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये ते इथे परतणार होते. ३० जानेवारीनं ते होऊ दिलं नाही. मार्च महिन्यात नेहरू, विनोबा, मौलाना आझाद आणि जयप्रकाश त्यांच्याविना इथे जमले. पुढे नथुराम गोडसेला फाशीची शिक्षा झाली, तेव्हा ती रद्द करावी अशी विनंती करणाऱ्यांत गांधीजींचे दोन मुलगे होते, मणिलाल आणि रामदास. सरकारनं ती मानली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. देशातल्या बहुतेकांना तो शेवट योग्यच वाटला असेल. ज्यांचा बाप गेला होता, त्यांनी मात्र तो मागितला नव्हता.

पवनारच्या विनोबांनी तर मे १९६० मध्ये गुन्हेगारांच्या मुलखात पायीच जायचं ठरवलं. चंबळच्या खोऱ्यातल्या डाकू मानसिंगाचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात होता आणि त्याच्या डोक्यावर फाशी टांगलेली होती. त्यानं विनोबांना पत्र लिहिलं होतं. विनोबा भिंड-मुरैन्याच्या दऱ्यांतून फिरले आणि वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. त्यांत लुक्कासारखे नावाजलेले डाकूही होते. मध्य प्रदेशाचे तेव्हाचे पोलीस महानिरीक्षक के. एफ. रुस्तमजी यांना हे रुचलं नाही. जीव धोक्यात घालून डाकूंशी लढणारे पोलीस बाजूला राहिले आणि खुनी हार घालून मिरवले, ही त्यांची तक्रार. शरण आलेल्यांवर पुढे खटले चालले, तरी रुस्तमजींचा आक्षेप आजही सहज झटकून टाकता येत नाही. ज्यांची माणसं डाकूंनी मारली, त्यांच्या वतीनं कोणी संत क्षमा करू शकतो का? मणिलाल आणि रामदास यांनी स्वतःच्या बापाच्या मारेकऱ्यासाठी विनंती केली होती, तो अधिकार त्यांचा होता. विनोबांनी क्षमा केली असं म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. खुनी माणसात शिल्लक काही आहे का, हे ते पाहायला गेले होते. पोलिसांच्या कामात तो प्रश्न बसत नाही.

मालिकेच्या प्रेक्षकालाही तो प्रश्न पडत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला डॉक्टरचे बळी नावानिशी पाठ असतात. कोण कुठे पुरलं गेलं, कोणाची आई अजून दाराकडे डोळे लावून बसली आहे, हे त्याला ठाऊक असतं. चंबळमध्ये बंदुका खाली ठेवल्या गेल्याची छायाचित्रं देशानं पाहिली. त्याच बंदुकांनी विधवा झालेल्या बाया त्या चौकटीत कुठे नव्हत्या. शेवट पाहून चिडलेला माणूस रागाच्या भरात का होईना, गेलेल्यांची बाजू धरून बसलेला असतो. युधिष्ठिरही स्वर्गाच्या दारात तेच करत होता.

‘देवमाणूस’चं दुसरं पर्वही सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं. जून २०२५ मध्ये झी मराठीनं तिसरं पर्व आणलं. डॉक्टरचा चेहरा तोच, किरण गायकवाडचा. पहिल्या शेवटावर लोक रागावले त्याला तोवर चार वर्षं होत आली होती. या पर्वाला नाव दिलं होतं ‘मधला अध्याय’.