शून्यापासून हिशेब

माहूरसारख्या गावात सरकारी काटकसरीची बाजू घेणे सोपे नाही. 1956 पर्यंत हा भाग किनवट तालुक्यासह हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. सागाचे जंगल, गोंड-कोलामांच्या वस्त्या, बंजाऱ्यांचे तांडे आणि पैनगंगेपलीकडे विदर्भ. राज्याच्या अशा टोकाला खर्चकपात म्हणजे रखडलेला रस्ता. तरीही नांदेडच्या नगरपालिकेतून वर आलेला आणि पुढे देशाचा अर्थमंत्री झालेला नेता ओळखला गेला तो शिस्तीसाठी, पै-पैच्या हिशेबासाठी. शंकरराव चव्हाणांना लोक ‘हेडमास्तर’ म्हणत. त्यांची काटकसर नेमकी कुठून आली आणि कुठे अडली, हे पाहण्याजोगे आहे.

मराठी सार्वजनिक जीवनात काटकसरीचा विचार आधी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मांडला. मार्च 1902 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ते बोलायला उभे राहिले तेव्हा सरकार शिलकी अर्थसंकल्पाचा अभिमान बाळगून होते. संवत छप्पनच्या दुष्काळाला आणि प्लेगला लोक तोंड देत असताना तिजोरी भरते, याचा अर्थ कर जास्त आहे, असे गोखल्यांचे म्हणणे होते. लष्करावरचा खर्च आवरा, मिठावरचा कर उतरवा, शिक्षणाला पैसा द्या, ही त्यांची मागणी. खर्च कमी असावा एवढ्यावर ते थांबले नाहीत. कोणाच्या खिशातून आले आणि कोणाकडे गेले, हा त्यांचा प्रश्न होता.

1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने याच प्रश्नाला एक ठोस उत्तर दिले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना चालवायला पैसा हवा होता. 1975 साली व्यवसाय कर आला. शंकरराव त्याच वर्षी फेब्रुवारीत पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले होते. शहरातल्या पगारदाराच्या आणि व्यावसायिकाच्या करातून जेवढे जमेल तेवढीच भर राज्याने घालायची आणि तो पैसा खडी फोडणाऱ्या, नालाबंडिंग करणाऱ्या हातांना द्यायचा. खर्च मोठा, पण तो कुठून येणार हे आधी ठरलेले. मला ही महाराष्ट्राच्या वित्तव्यवहारातली सर्वांत सुंदर मांडणी वाटते.

1986 मध्ये शंकरराव पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा राज्यात शून्याधारित अर्थसंकल्प आला. ही कल्पना अमेरिकेतली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत पीटर पायर यांनी ती बसवली. जॉर्जियाचे गव्हर्नर असताना जिमी कार्टर यांनी ती राज्यकारभारात आणली आणि अध्यक्ष झाल्यावर वॉशिंग्टनला नेली. गेल्या वर्षी शंभर दिले म्हणून यंदा एकशेदहा, ही सवय मोडायची. प्रत्येक खात्याने दरवर्षी शून्यावर उभे राहून सांगायचे: हा खर्च का हवा? हेतू संपलेल्या योजना, नुसत्या चालू राहिल्या म्हणून चालणारी कार्यालये यांना ही कसोटी लावलीच पाहिजे. शंकररावांच्या स्वभावाला ती पटली यात नवल नाही.

पण शून्याला मागचे काही आठवत नाही, आणि मराठवाड्याचा सगळा युक्तिवाद मागच्यावरच उभा आहे. दोनच वर्षे आधी, 1984 मध्ये, वि. म. दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीशी तुलना करून विभागवार अनुशेष मोजला होता. एकूण सुमारे 3,187 कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा सुमारे 750 कोटी. म्हणजे एका कागदावर दरवर्षी पाटी कोरी करायची, तर दुसऱ्यावर आजवर न मिळालेल्याची बेरीज मांडायची. दोन्ही हिशेब प्रामाणिक, पण एकमेकांत बसत नाहीत.

धरणाचे उदाहरण घ्या. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ऑक्टोबर 1965 मध्ये झाली. उद्‌घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते फेब्रुवारी 1976 मध्ये, शंकरराव मुख्यमंत्री असताना. पाटबंधारे मंत्री म्हणूनही त्यांनी मराठवाड्याच्या पाण्यासाठी झगडा केला होता. या दहा वर्षांत दरवर्षी ‘हे का हवे?’ असे शून्यापासून विचारत बसले असते, तर अर्धी उभी राहिलेली भिंत काय उत्तर देणार होती? मागास भागातली कामे अशीच लांब पल्ल्याची असतात. त्यांची उपयुक्तता एका वर्षात दिसत नाही.

अमेरिकेत रेगन यांनी 1981 मध्ये शून्याधारित पद्धत बंद केली. इकडे शंकरराव 1988 मध्ये केंद्रात अर्थमंत्री झाले आणि पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांनी पन्नास हजारांवरच्या उत्पन्नाला आठ टक्के अधिभार लावला, नव्या रोजगार योजनेसाठी. शून्याधारित पद्धतीपेक्षा व्यवसाय कराचीच ती धाकटी बहीण. त्यांच्या काटकसरीचा खरा गाभा मला इथे दिसतो: देणारा कोण आणि घेणारा कोण, हे एकाच पानावर लिहिणे.

2005 मध्ये महाराष्ट्राने वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. तूट आटोक्यात ठेवणे हा त्याचा हेतू, आणि तो योग्यच आहे. कर्जाचे व्याज शेवटी पुढच्या पिढीच्या शाळांतूनच जाते. मात्र तूट आवरायची वेळ आली की पगार, निवृत्तिवेतन, व्याज यांना हात लावता येत नाही. कात्री सहज चालते ती भांडवली खर्चावर, आणि माहूर-किनवटचे रस्ते, पूल, बंधारे त्याच रकान्यात येतात.