हजेरीचे पुस्तक





आपल्या सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव कोणाला सांगावे लागत नाही. पण त्या नावामागची जखम आपण विसरत चाललो आहोत. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का बसला. पुढे हा कायदा आपल्याकडेही लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. आतल्यांची नावे पुस्तकात असत, हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे. देशात अशा काही वसाहतींचा कारभार साल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांकडेही होता, हे आपण नम्रपणे लक्षात ठेवले पाहिजे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. पुढे कुंपणही गेले. पण संशयाची नजर गेली का? कुठे चोरी झाली की बोट आधी कोणाकडे वळते, हे आपण जाणतो.

जन्मांधाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले (योहान ९). ज्याने काही केलेच नाही त्याला क्षमा कसली करायची? तिथे क्षमा आपणच मागायला हवी.

पण ज्याने खरोखर अपराध केला आहे, त्याचे काय? आम्ही घरांना आशीर्वाद द्यायला जातो तेव्हा चहा पिता पिता हळूच कानावर येते: “फादर, माफ केलंय हो त्याला, पण तो तसलाच.” दारूत पगार उडवलेला नवरा, वाटणीत फसवणारा भाऊ, घरातले दागिने मोडलेला मुलगा. माफी दिली असे आपण म्हणतो, आणि मनात रोज त्याची हजेरी घेतो.

तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला एक भेद शिकवला गेला: कर्म वेगळे, कर्ता वेगळा. कर्म वाईट असेल तर ते वाईटच म्हणावे. क्षमा म्हणजे वाईटाला चांगले म्हणणे नव्हे. दारू सुटलेली नसताना नवऱ्याच्या हाती पगार न देणे हा शहाणपणा आहे. पत्नीने मार खात राहावे असे तर शुभवर्तमान कुठेच सांगत नाही. नुकसान भरून द्यायला सांगणेही योग्यच. जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले होते. मग हजेरी कोणती? सावधगिरी कर्मावर लक्ष ठेवते आणि माणूस बदलला की ती सैल होते. हजेरी माणसालाच कर्मात कोंडते. तो बदलला तरी पुस्तकातले नाव खोडले जात नाही.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मोठा भाऊ बापाला म्हणतो, ‘हा तुझा मुलगा’. ‘माझा भाऊ’ हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. बाप उत्तर देताना मात्र ‘हा तुझा भाऊ’ असे म्हणतो (लूक १५). क्षमेचे काम इथे दिसते: तुटलेले नाते पुन्हा त्याच्या नावाने हाक मारते. मोठ्या भावाने काय केले, तो आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते उत्तर आपल्यासाठी राखून ठेवले आहे.

पापनिवेदनाला आपण येतो तेव्हा देव आपल्या जुन्या पापांची यादी वाचून दाखवत नाही. आपल्याला मोकळे करून घरी पाठवतो. आणि घरी येताच आपण मात्र दुसऱ्याचे पुस्तक उघडतो!

या आठवड्यात एक करू या. ज्याचा उल्लेख आपण ‘तो’ किंवा ‘ती’ एवढाच करतो, त्या व्यक्तीला पुन्हा दादा, ताई, बाळा, जे काही नाते असेल त्या नात्याने हाक मारू या. जमले नाही, तर निदान जमावे म्हणून मिस्सामध्ये प्रार्थना करू या. आम्हीही करणार आहोत, कारण आमच्याही मनात एक पुस्तक आहे.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

– तुमचे धर्मगुरू